माउंटन अॅश: राखेतून उगवणारी निलगिरी

आपल्याकडे निलगिरी तोडली की बुंध्याला फुटवे येतात. बांधावर ती लावलेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि टास्मानियाच्या ओल्या डोंगररानांत वाढणारी तिची उंच बहीण, माउंटन अॅश, मात्र सहसा फुटत नाही. मोठा वणवा आला की झाड मरतं. पण शेंड्यातली बारीक बोंडं उकलतात, बी ताज्या राखेवर पडतं आणि काही महिन्यांत रोपांची दाटी उठते.

वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्युलर यांनी १८७१मध्ये तिला 'रेग्नन्स', म्हणजे राज्य करणारी, असं शास्त्रीय नाव दिलं. टास्मानियातलं 'सेंच्युरियन' हे झाड सुमारे १०० मीटर उंच आहे. लाकूड इंग्लंडच्या अॅश या झाडासारखं दिसलं म्हणून वसाहतवाल्यांनी तिला अॅश म्हटलं. खालचा बुंधा फार रुंद, म्हणून लाकूडतोडे त्यात खाच पाडून फळी ठोकत, तिच्यावर उभं राहून वरची खाच पाडत, असे चढत जात आणि मग कुऱ्हाड चालवत. जुन्या खुंटांवर त्या खाचा अजून दिसतात. लाकूड घरांना, फर्निचरला गेलं. पुढे कागदाच्या लगद्यालाही.

१३ जानेवारी १९३९ला, 'ब्लॅक फ्रायडे'ला, व्हिक्टोरियातल्या वणव्यांनी कळस गाठला. त्या आगींत ७१ माणसं गेली, रानातल्या कितीतरी सॉ मिल जळाल्या. न्यायाधीश स्ट्रेटन यांच्या चौकशीत आगी माणसांच्याच हातून लागल्याचं निघालं. नंतर मिल रानाबाहेर गावांत आल्या. १९६०च्या दशकापासून वनखात्यानं निसर्गाचीच नक्कल केली: सगळं तोडायचं, पालापाचोळा जाळायचा, राखेवर बी पेरायचं.

नक्कल अपुरी होती, असं मला ठामपणे वाटतं. रोपं उगवली, पण ढोल्या उगवल्या नाहीत. नामशेष मानलेला लेडबीटर्स पॉसम, झाडावर राहणारा छोटा पिशवीवाला प्राणी, १९६१मध्ये मेरिसव्हिलजवळ पुन्हा दिसला. तो राहतो ढोलीत, आणि ढोली धरायला झाडाला १२० वर्षं तरी लागतात. बी धरायलाही पंधरा-वीस वर्षं जातात. त्याआधी पुन्हा वणवा आला, तर पेरायला बीच नसतं, मग हेलिकॉप्टरमधून टाकावं लागतं. ७ फेब्रुवारी २००९च्या वणव्यांत १७३ माणसं दगावली आणि ही रानं पुन्हा होरपळली.

व्हिक्टोरियानं सरकारी जंगलांतली व्यापारी तोड १ जानेवारी २०२४पासून थांबवली. १९३९च्या राखेतून उगवलेल्यांपैकी जी झाडं उभी आहेत, त्यांना ढोली धरायला अजून तीस-पस्तीस वर्षं आहेत.