जीवनशिक्षण (तुकडोजी महाराज)

जीवनशिक्षण : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९–११ ऑक्टोबर १९६८) यांनी मांडलेला अध्यात्माधिष्ठित शिक्षणविचार. त्यांच्या ‘ग्रामगीता’ या ओवीबद्ध ग्रंथाच्या ४१ अध्यायांपैकी याच नावाच्या अध्यायात तो सलग सापडतो, एरवी भजनांत विखुरलेला आहे. महाराजांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे, जन्मगाव यावली (जि. अमरावती), गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. त्यांची शाळा तिसरीत सुटली की चौथीत, याबद्दल चरित्रकारांत एकमत नाही.

या विचाराचा उगम वादग्रस्त आहे. उद्योग, स्वावलंबन, श्रमप्रतिष्ठा ही परिभाषा समान असल्याने तो गांधींच्या नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या योजनेचा, वऱ्हाडी अवतार मानण्याकडे काहींचा कल दिसतो. महाराज गांधींच्या सहवासात राहिले ते १९३६ मध्ये, सेगावला. गावाचे ‘सेवाग्राम’ हे नाव तेव्हा पडलेलेही नव्हते. नई तालीमची योजना चर्चेला आली ती ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत, आणि महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम तर १९३५ चा, म्हणजे त्यांचे काम या योजनेच्या आधीचे. उलट, ‘ग्रामगीता’ १९५० नंतरच्या दशकातली असल्याने तिच्यावर नई तालीमची छाया अजिबात नाही, असेही म्हणता येत नाही. परिभाषा वर्ध्याकडची, पण गाभा भजन-कीर्तनाच्या परंपरेतला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नई तालीममध्ये हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य आणि शाळा हे त्याचे स्थान. महाराजांचा विद्यार्थी मात्र अख्खा गाव आहे, आणि खंजिरी व ओवी ही त्याची पाटी-पेन्सिल.

यातील ‘अध्यात्म’ म्हणजे पाठांतराला जोडलेला वेगळा विषय नव्हे. गाव हेच देवाचे रूप, म्हणून गावाच्या उपयोगी न पडणारी विद्या अपुरी, अशी ही मांडणी आहे. शिकून शेतीकाम हलके मानू लागणाऱ्या मुलावर त्यात टीका येते. ‘महिलोन्नती’ अध्यायात आईचे स्थान शेकडो गुरूंहून वरचे मानले आहे. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह मोठा, पण समर्थन बव्हंशी मातृत्वाच्या अंगाने येते. आजच्या वाचकाला ही चौकट तोकडी वाटेल.

या विचाराचे दृश्य रूप म्हणजे सामुदायिक प्रार्थना. दिवेलागणीला माणसे रांगेत, ठरावीक अंतरावर बसतात. पाटील आणि सालगडी यांच्यासाठी वेगळी रांग नसते. समोर मूर्ती नाही, फक्त गादी-तक्क्याचे अधिष्ठान. शाळेत न गेलेल्यांच्याही कानी ओव्या पडतात त्या इथेच.

सद्यःकालीन संदर्भात कौशल्यशिक्षणाशी त्याचा संबंध जोडला जातो. मात्र तिथे अध्यात्माचा भाग बहुधा गळतो. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये महाराजांचे नाव देण्यात आले; तेथे त्यांच्या विचारधारेचा पदव्युत्तर विभागही आहे. प्राथमिक शाळेतच शिक्षण थांबलेल्या माणसाच्या विचारांवर आता एम.ए. करता येते.