एमडी, एमडीएमए आणि हणजुणची रात्र

थर्टी फर्स्ट जवळ आला की गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या बाजूला गाड्यांची झडती कडक होते आणि आमच्या पेपरांत ‘एमडी’ हा शब्द दिसू लागतो. सावंतवाडीच्या टपरीवर त्याचा अर्थ ठरलेला: गोव्यातल्या पार्टीची गोळी. पण पोलिसांच्या बातमीतलं एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक कृत्रिम उत्तेजक. ज्याची गोळी घेऊन जगभर लोक नाचले ते वेगळं रसायन, एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी. आणि उत्तर गोव्यातल्या हणजुणच्या किनाऱ्यावर जे संगीत घडलं, त्याच्या सुरुवातीला या दोघांचाही फारसा संबंध नव्हता.

एमडीएमए १९१२ साली जर्मनीतल्या मर्क कंपनीत तयार झालं. शोध चालला होता रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाचा. नंतर कित्येक दशकं त्याकडे कुणी फारसं वळूनही पाहिलं नाही. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या अलेक्झांडर शुल्गिन या रसायनशास्त्रज्ञाने ते काही मानसोपचारकांच्या हाती दिलं. तिथून ते क्लबांत गेलं आणि जुलै १९८५ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायदा लागू झाला. त्याआधी देशात कितीतरी ठिकाणी गांजाची परवानाधारक दुकानं होती. भांग मात्र कायद्याने वगळली, हे शिमग्याला सगळ्यांना आठवतं.

१९८७ च्या उन्हाळ्यात लंडनचे काही डीजे स्पेनच्या इबिझा बेटावर गेले. तिथली गोळी आणि शिकागोच्या क्लबांतलं ‘हाउस’ हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत त्यांनी घरी नेलं आणि १९८८ मध्ये ब्रिटन ‘ॲसिड हाउस’वर नाचू लागलं. गोळीने अनोळखी माणूसही जवळचा वाटतो, तेच तेच ठोके कंटाळवाणे वाटत नाहीत. अंग मात्र तापतं, आणि बंद हॉलमध्ये तासन्‌तास नाचताना ते जिवावरही बेततं.

गोव्यात साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले ते चरस आणि भास घडवणारं एलएसडी घेऊन. १९७० च्या सुमारास आलेला अमेरिकन गिल्बर्ट लेव्ही पुढे इथला डीजे ‘गोवा गिल’ म्हणून ओळखला गेला. २०२३ मध्ये तो वारला. आधी किनाऱ्यावर रॉक वाजायचं. ऐंशीच्या दशकात युरोपातून इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कॅसेट आल्या. डीजे त्यातले गायनाचे तुकडे काढून फक्त वाद्यांचे भाग जोडत. आपल्या दमट उन्हात रेकॉर्ड वाकायच्या, म्हणून सगळा भर टेपवर, पुढे डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर. डॅटवर गाण्याचा वेग हवा तसा कमीजास्त करता येत नसे. मग गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठोक्याविना लांब सूर ठेवायचे, म्हणजे एक विरताना दुसरं अलगद चढायचं. ‘गोवा ट्रान्स’ची ती ओळखच झाली. मला विचाराल तर तिचं श्रेय नशेपेक्षा आपल्या हवेला जास्त जातं.

नाचाच्या कडेला गावातल्या बायका चटया अंथरून, रॉकेलची बत्ती लावून बसायच्या. स्टोव्हवर चहा, ऑम्लेट. गोरे लोक त्यांना ‘चायमामा’ म्हणत. पहाटेपर्यंत धंदा चालायचा. जत्रेत दशावताराच्या रात्री देवळासमोर भजी तळणाऱ्या बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

एक्स्टसी या किनाऱ्यावर रुळली ती ब्रिटनमधली लाट इथे पोचल्यावर, नव्वदच्या दशकात. मेफेड्रोनचा तर या संगीताशी काहीच संबंध नाही. आपल्याकडे ते फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं, तोवर ट्रान्स म्हातारं झालं होतं.

उघड्यावरच्या रात्रींना खरी कात्री लावली ती ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. हणजुणच्या पार्ट्या बंद हॉलमध्ये शिरल्या किंवा दिवसाउजेडी आल्या. आमच्या जत्रेतल्या दशावतारालाही हाच नियम लागू आहे, आणि आमचं आख्यान तर दहानंतरच रंगात येतं.