मिंगसचं तिहुआना आणि त्याच्याही आधीचं मेक्सिको

अमेरिकन जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसचा 'तिहुआना मूड्स' हा अल्बम, मेक्सिकोच्या सीमेवरल्या तिहुआना शहरावर बेतलेला, कुणाला ऐकवला की हमखास ऐकू येतं, वा, जॅझला मेक्सिकन तडका! मला तो तडका शब्द खटकतो, कारण फोडणी वरून घालतात आणि इथे मेक्सिको डाळ शिजतानाच पडलेलं आहे. म्हणून जरा मागून सांगतो.

डिसेंबर 1884 मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला, जिथे पुढे जॅझ जन्मला त्याच शहरात, कापसाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, 1885 पर्यंत चाललं, आणि त्यासाठी मेक्सिकोने आपल्या आठव्या घोडदळाचा बँड पाठवला, एन्कार्नासियोन पायेनच्या हाताखाली. जॅझ हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. पण त्या बँडने शहराला एवढं वेड लावलं की त्यांच्या सुरावटी पियानोसाठी छापून विकल्या जायला लागल्या. मेक्सिकोतल्या ओटोमी या आदिवासी समाजातला संगीतकार हुवेंतिनो रोसास याचा 'सोब्रे लास ओलास' हा वॉल्ट्झसुद्धा पुढे न्यू ऑर्लिन्सच्या बँडवाल्यांनी आपलासा केला तो कायमचाच. आणि तिओ घराणं तर विसरूच नका! वर्णद्वेषाला कंटाळून हे न्यू ऑर्लिन्सचं क्रिओल, म्हणजे मिश्रवंशीय, कुटुंब मेक्सिकोला निघून गेलं होतं, तिथे जन्मलेला लोरेन्झो तिओ नंतर न्यू ऑर्लिन्सला आला, आणि त्याच्या मुलाने, त्याचंही नाव लोरेन्झोच, सिडनी बेशे, बार्नी बिगार्ड, जिमी नून अशा पुढे नावाजलेल्या जॅझ वादकांना क्लॅरिनेट शिकवलं. गुरुशिष्य परंपरा म्हणतो ना आपण, तशीच.

मग आली दारूबंदी. 1920 ते 1933 अमेरिकेत दारू बंद आणि सीमेपलीकडे तिहुआनात सगळं खुलं, त्यामुळे कॅलिफोर्नियातले लोक तिकडे लोटले आणि त्यांच्यामागे वाजवणारेही. न्यू ऑर्लिन्सचा जेली रोल मॉर्टन तिथे पियानो वाजवायचा, आणि आपल्या 'कॅन्सस सिटी स्टॉम्प्स' या रचनेचं नाव कॅन्सस सिटी शहरावरून नाही तर तिहुआनातल्या त्या नावाच्या बारवरून आलं असं त्यानेच सांगून ठेवलंय. जॅझमध्ये स्पॅनिश रंगाची छटा नसेल तर मसाला जमत नाही, असंही तो म्हणायचा. अर्थात त्याच्या मनात क्यूबाचा हाबानेरा ठेकाही होता, सगळं श्रेय मेक्सिकोला नाही देता येणार.

आता मिंगस. जन्म 22 एप्रिल 1922, नोगालेस, ॲरिझोना, म्हणजे अगदी सीमेवर. वडील अमेरिकन सैन्यात, त्यामुळे जन्म लष्करी तळावर, पण कुटुंब लवकरच लॉस एंजेलिसला गेलं. मोठेपणी लग्न मोडल्याच्या दुःखात तो तिहुआनाला जाऊन आला, आणि तिथे जे पाहिलं ऐकलं ते 1957 च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं, तोच 'तिहुआना मूड्स'. नाइटक्लब, भेटवस्तूंची दुकानं, रस्त्यावर पर्यटकांना गाठणारे वादक, असं सगळं त्यात आहे, आणि ते चित्रासारखं लांबून रेखाटलेलं नाही, गर्दीत उभं राहून ऐकल्यासारखं आहे. त्यातलं 'यसाबेल्स टेबल डान्स' हेडफोन लावून ऐका. यसाबेल मोरेलची कॅस्टनेट्स (हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या), हाताच्या टाळ्या, आरोळ्या, डॅनी रिचमंडचे ड्रम्स, खालून मिंगसचा बास नुसता खेचत राहतो, आणि मध्येच सगळं थांबून पियानो एकटा बोलायला लागतो... मला अजूनही अंगावर काटा येतो. कॅस्टनेट्स स्पेनची, मेक्सिकोची नाहीत, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो खराच आहे, पण तिहुआनाच्या क्लबांमध्ये पर्यटकांसमोर हीच सरमिसळ चालायची आणि मिंगसने तीच उचलली. मारियाची या मेक्सिकन लोकसंगीतातला ट्रम्पेट तरी कुठे मुळातला, तो तर रेडिओच्या जमान्यात रुळला.

रेकॉर्ड मात्र लगेच आलीच नाही. पाच वर्षं पडून राहिली आणि 1962 ला निघाली. आपलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग हेच, असं मिंगस त्या वेळी म्हणाला होता.

मेक्सिकोतले जॅझवालेही काही गप्प बसले नव्हते. ड्रमर तिनो कॉन्त्रेरासने 1966 मध्ये चर्चमधल्या 'मास' या प्रार्थनाविधीलाच जॅझमध्ये बांधलं, पुढे 1978 च्या 'किंतो सोल' या अल्बममध्ये थेट ॲझ्टेक पुराणातल्या पाचव्या सूर्याकडे गेला. त्याच्यावर वेगळंच लिहायला हवं.

मिंगसला शेवटी एएलएस झाला, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार. हात गेले, वाजवणं गेलं, मग ट्यून गुणगुणून टेप करायचा. उपचारांसाठी तो पुन्हा मेक्सिकोलाच गेला, एका लोकवैद्य बाईकडे, आणि 5 जानेवारी 1979 ला कुएर्नावाकात वारला, वय 56. सीमेवर जन्मलेला माणूस सीमेपलीकडे गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे बायकोने, सू मिंगसने, त्याची रक्षा भारतात आणून गंगेत सोडली.