‘आय सॉ’ की ‘आय हॅव सीन’?

क्रिया नुकतीच संपली असेल तर पूर्ण वर्तमानकाळ, संपून बराच काळ लोटला असेल तर साधा भूतकाळ, असं इंग्रजी शिकताना बहुतेकांच्या कानावर पडलेलं असतं. हा नियम दोन वाक्यांतच उघडा पडतो. ‘द बस लेफ्ट टेन सेकंड्स अगो.’ बस जाऊन जेमतेम दहा सेकंद झालीत, तरी इथे साधा भूतकाळच लागतो. ‘ह्यूमन्स हॅव वॉक्ड ऑन द मून.’ चंद्रावर माणूस शेवटचा चालला तो डिसेंबर १९७२ मध्ये, तरी ‘हॅव’ अगदी बरोबर आहे. घटना किती जुनी आहे यावर ही निवड ठरतच नाही.

मग कशावर ठरते? हान्स राइशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली, तर्कशास्त्रावर लिहिताना, याचं फार नेमकं उत्तर दिलं. काळाचा विचार करताना आपण सहसा दोनच क्षण धरतो: घटना घडली तो आणि आपण बोलतोय तो. राइशेनबाख यांनी तिसरा मांडला. बोलणारा त्या घटनेकडे ज्या क्षणातून बघतो, तो. ‘आय लॉस्ट माय की’ म्हणणारा मनाने किल्ली हरवली त्या वेळेत जाऊन पोहोचलेला असतो. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणणारा आत्ताच्या क्षणातच उभा राहून मागे बघतो. हरवणं तेच, पण दुसरं वाक्य ऐकल्यावर किल्ली अजून सापडलेली नाही, हे न सांगता कळतं. पहिल्या वाक्यानंतर ती सापडलीही असेल.

मला तर हा तिसरा क्षण इंग्रजी काळांच्या अभ्यासातली सर्वांत उपयोगी कल्पना वाटते, कारण एरवी घोकावे लागणारे कितीतरी नियम तिच्यातून आपोआप निघतात. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन २०१०’ हे शब्द बघण्याची जागा भूतकाळात पक्की करून टाकतात, म्हणून त्यांच्याबरोबर ‘हॅव’ बसत नाही. ‘व्हेन’ तर ती वेळच मागतो, म्हणून ‘व्हेन डिड यू अराइव्ह?’ असंच विचारायचं. ‘धिस मॉर्निंग’चं वागणं आणखी बघण्यासारखं आहे. सकाळी दहा वाजता ‘हॅव यू सीन हर धिस मॉर्निंग?’ हा सरळ प्रश्न आहे. संध्याकाळी मात्र तोच प्रश्न ‘डिड यू सी हर धिस मॉर्निंग?’ असा होतो. मधल्या वेळात फक्त सकाळ संपलेली असते.

साध्या गप्पांमध्येही ही जागा कशी बदलते ते ऐका. ‘हॅव यू एव्हर बीन टू जपान?’ ‘येस, आय हॅव.’ ‘व्हेन डिड यू गो?’ ‘आय वेंट इन २०१८.’ पहिल्या प्रश्नात आजवरचं अख्खं आयुष्य आहे. होकार मिळाला की दोघंही त्या एका प्रवासाच्या दिवसांत शिरतात आणि ‘हॅव’ गळून पडतो. बातम्याही अशाच रचलेल्या असतात. ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’ हे पहिलं वाक्य, आणि राजीनामा कधी दिला, कोणाकडे दिला हा सगळा तपशील पुढे साध्या भूतकाळात.

मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, आणि त्याला कारण आहे. ‘मी त्याला कालच सांगितलं आहे’ हे आपल्या कानाला जराही खटकत नाही. मराठीत ‘काल’ आणि ‘आहे’ सुखाने एकत्र नांदतात. त्यातूनच ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ असं सहज तोंडून जातं. जर्मन माणसाचीही हीच अडचण होते, कारण त्याच्या भाषेत ‘हॅव’चा भाऊबंद ‘हाबेन’ हा ‘काल’बरोबर बिनदिक्कत येतो.

‘हॅव’च्या या रूपाचा उगम बघितला की चित्र स्पष्ट होतं. जुन्या इंग्रजीत ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं. ‘माझ्याकडे पकडलेला मासा आहे’ अशा धाटणीच्या वाक्यातून हळूहळू ‘मी मासा पकडला आहे’ हा अर्थ आला. जर्मन आणि फ्रेंच भाषा त्याच वाटेने पुढे गेल्या. बोलीभाषेतल्या फ्रेंचमध्ये तर या रूपाने जुना साधा भूतकाळ जवळजवळ हद्दपार केला. इंग्रजी मात्र मध्येच थांबली. तिथे ‘हॅव’ आणि ठरावीक वेळ यांचं का जमत नाही, या कोड्यावर भाषाशास्त्रज्ञ वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ साली लिहिलेल्या लेखाची भाषाशास्त्रात खूप चर्चा झाली.

कधीकधी कर्ता कोण आहे, यानेही फरक पडतो. ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य इंग्रजांना विचित्र वाटतं, कारण आइन्स्टाइन १९५५ साली गेले. ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन’ मात्र अनेकांना चालतं, कारण ते गाव आजही आहे! तरीही, आजवर कोणकोणते मोठे शास्त्रज्ञ तिथे येऊन गेले असा विषय निघाला, तर पहिलं वाक्यही खपून जातं, हे भाषाशास्त्रज्ञ जेम्स मकॉली यांनी १९७१ साली दाखवून दिलं. म्हणजे कोणाबद्दल बोलणं चाललंय, हेही बघावं लागतं.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची चूक वेगळी. ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ यात मराठी साधा वर्तमानकाळ वापरते, इंग्रजीला तिथे ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हवं असतं.

आणि अमेरिकेत ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो. ‘डिड यू ईट येट?’ हे तिथे रोजचं बोलणं आहे, ब्रिटनमध्ये त्याच ठिकाणी ‘हॅव यू ईटन येट?’ जास्त ऐकू येतं. दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबरच बोलतात. मात्र ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे प्रमाण इंग्रजी म्हणून दोन्हीकडे चुकीचंच धरतात.