नागपूरहून रेसिंग लायसन्स काढायचंय? आरटीओत जाऊ नका

आरटीओचं लायसन्स हातात आलं की रेसमध्ये नाव देता येतं, असं समजून बरीच पोरं फसतात. एमएच ३१ चं असो की ४९ चं, ते फक्त रस्त्यासाठी. ट्रॅकवर उतरायला कॉम्पिटिशन लायसन्स लागतं आणि ते फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय देते. अर्ज ऑनलाइन आहे, रांग नाही.

फोटो, जन्मतारखेचा पुरावा, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, रक्तगट आणि वय १८ पेक्षा कमी असेल तर आईवडिलांचं संमतिपत्र एवढं घरबसल्या जमतं. आधार आणि दहावीच्या सनदेवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आधी बघा.

गाडी अडते ती पुढे. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मान्यताप्राप्त ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, आणि आपल्या नागपुरात तर सर्किटच नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. जायचं अशाच कुठेतरी. चेन्नई त्यातल्या त्यात सोपं, ग्रँड ट्रंक एक्सप्रेस नागपूरवरूनच जाते. त्यामुळे आधी कोर्सची तारीख पक्की करा, मग तिकीट, आणि अर्ज सगळ्यात शेवटी.

लायसन्स कॅलेंडर वर्षापुरतंच असतं. नोव्हेंबरात काढलं तरी ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच काढलेलं बरं. फी दरवर्षीची साइटवर बघून घ्या.

घरातलं आयएसआय हेल्मेट ट्रॅकवर चालत नाही. कार रेसिंगचं हेल्मेट आणि आगरोधक सूट दोन्हीवर एफआयएचं, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं लेबल लागतं. हा खर्च फीपेक्षा कितीतरी मोठा, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पोरगं लहान असेल तर कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांपासून सुरू करा, त्याला आरटीओचं लायसन्स लागतच नाही. गंमत म्हणजे पार वर, फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सला मात्र रस्त्यावरचं लायसन्सही मागतात, शिवाय खालच्या स्पर्धांमधून तीन वर्षांत ४० गुण. २००५ मध्ये तिथवर पोहोचलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन.

आणि फुटाळा तलावाच्या रस्त्यावर रात्री ‘सराव’ करणाऱ्यांनो, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा: रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.