डॉक्टर येईपर्यंत: परिचारिकांच्या हृदयरक्षक प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

गोव्यात वाळपई, काणकोण किंवा पेडण्याच्या बाजूला रात्री कोणी छाती धरून सरकारी आरोग्य केंद्रात आले, तर त्याला पहिला हात लागतो तो बहुतेक वेळा नर्सचा. खाटेवर घेणे, रक्तदाब पाहणे, ईसीजी काढणे, शीर शोधून सुई घालणे, हे सगळे तिच्याकडे. पाळीवरचे डॉक्टर एकटेच असतील, तर ते त्या क्षणी एखाद्या अपघाताच्या रुग्णाला टाके घालत असण्याची शक्यता असते. आज यात कोणाला नवल वाटत नाही. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बंद पडलेले हृदय चालू करण्याचा प्रयत्न नर्सने करायचा, ही कल्पनाच रुग्णालयांना मान्य नव्हती. आज जे बीएलएस (मूलभूत जीवनरक्षण) आणि एसीएलएस (हृदयासाठीचे प्रगत जीवनरक्षण) या नावांनी शिकवले जाते, त्याचा इतिहास मुख्यतः ही मान्यता कशी मिळत गेली याचाच आहे.

१९६० पूर्वी हृदय थांबले की प्रचलित उपाय एकच होता. छाती चिरायची, बरगड्या फाकवायच्या आणि हृदय मुठीत घेऊन दाबायचे. शस्त्रक्रियागृहात सर्जन हजर असला तरच हे शक्य, वॉर्डात जवळपास अशक्यच. हे चित्र बदलायला कारण ठरला एक विद्युत अभियंता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन विजेच्या झटक्याने हृदय पुन्हा तालावर आणण्याचे प्रयोग करत होते. कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड जोराने दाबले की झटका देण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या ध्यानात आले. सर्जन जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये लिहिलेल्या लेखात २० रुग्णांची हकीकत आहे. त्यातले १४ वाचले. यासाठी दोन हात पुरेत आणि हे कोणीही, कुठेही सुरू करू शकते, असे त्यांनी त्यात स्पष्टच म्हटले. तोंडाने श्वास देण्याची पद्धत पीटर साफर यांनी त्याच सुमारास शास्त्रशुद्ध करून दाखवली होती. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी सरावासाठी बाहुली तयार केली. (पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या चेहऱ्याचा साचा म्हणून जो प्रसिद्ध होता, तोच चेहरा या बाहुलीला दिला गेला. प्रशिक्षण वर्गात हे सांगितले की बाहुलीशी चाललेली थट्टा जरा थांबते.)

‘कोणीही’ असे लिहिले गेले खरे, पण रुग्णालयांनी त्याचा अर्थ ‘कोणीही डॉक्टर’ असाच घेतला.

पुढची पायरी कॉरोनरी केअर युनिटची. हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण वॉर्डात विखरून न ठेवता एका जागी, मॉनिटरखाली ठेवावेत, ही सूचना डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये मांडली. मे १९६२ मध्ये ह्यूज डे यांनी कॅन्सस सिटीत असे युनिट सुरू केले. त्याच काळात बर्नार्ड लाउन यांनी डीसी प्रवाहावर चालणारे डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, अधिक सुरक्षित करून दिले. यंत्रे आली, घंटा वाजू लागल्या. अडचण अशी, की घंटा ऐकणारी नर्स आणि झटका देण्याचा अधिकार मात्र डॉक्टरचा. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदय ताल सोडून नुसते थरथरत असताना, विजेचा झटका (डिफिब्रिलेशन) लांबला आणि छातीही दाबली गेली नाही, तर जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. डॉक्टर जिना उतरून, व्हरांडा ओलांडून येईपर्यंत चार-पाच मिनिटे सहज निघून जात.

फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी यावर सरळ मार्ग काढला: नर्सना ईसीजी वाचायला शिकवा आणि झटका त्यांनाच देऊ द्या. त्याला विरोध झाला. रोगनिदान आणि उपचार हे वैद्यकाचे काम, नर्सच्या हाती ते कसे द्यायचे, कायदा काय म्हणेल, असे प्रश्न आले. पण हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी जिथे सुमारे ३० टक्के दगावत, तिथे या युनिटांच्या काळात ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. याचे श्रेय इतिहासात यंत्रांना फार दिले जाते. मला ते अर्धेच पटते. डिफिब्रिलेटर आधीही होतेच की. क्लॉड बेक यांनी १९४७ मध्येच उघड्या छातीतल्या हृदयाला झटका देऊन एका मुलाला वाचवले होते. १९६० नंतर खरे बदलले ते यंत्र कोणी चालवायचे याचे उत्तर.

हे तिकडे घडत असताना गोवा वेगळ्याच उलथापालथीत होता. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपली. पणजीत १८४२ पासून चालत आलेल्या ‘एस्कोला मेडिको’ या वैद्यकीय शाळेचे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांचे लाडके ‘गोमेकॉ’. रुग्णसेवेची परंपरा त्याहून जुनी. जुने गोवेच्या रॉयल हॉस्पिटलात १६०८ मध्ये उपचार घेतलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने तिथल्या टापटिपीचे कौतुक करून ठेवले आहे. अर्थात ती सोय गोऱ्यांसाठी होती आणि सेवा करणारे बहुतांशी चर्चच्या व्यवस्थेतले. पुढे गोमेकॉ मांडवीकाठ सोडून बांबोळीच्या पठारावर गेले. म्हापशाचे आझिलो आणि मडगावचे हॉस्पिसियो ही रुग्णालयांची नावे लोकांच्या तोंडी आजही आहेत, इमारती बदलल्या तरी.

राज्य लहान, म्हणून रुग्ण लवकर पोचतो, हा आपला एक गोड गैरसमज. काणकोणहून बांबोळी गाठायची तर करमल घाट लागतो, आणि पावसाळ्यात किंवा पर्यटन हंगामात रस्त्याचा हिशोबच चुकतो. हृदयाच्या स्नायूला मात्र घाटाशी देणेघेणे नसते. झटका येतो तो हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने, आणि ती विरघळवली तर जीव वाचतो, हे १९८६ मध्ये इटलीतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. तेव्हाचे औषध स्ट्रेप्टोकायनेज तासभर सलाइनमधून द्यावे लागे. नंतर आलेले टेनेक्टिप्लेज रुग्णाच्या वजनानुसार एकाच वेळी शिरेत देता येते. त्यामुळे लहान केंद्रातही ते शक्य झाले. गोव्यात २००८ मध्ये १०८ रुग्णवाहिका सेवा आली आणि २०१८ च्या अखेरीस ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प सुरू झाला (स्टेमी म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी पुरती बंद होऊन येणारा मोठा झटका). गोमेकॉ मध्यभागी, आणि जिल्हा रुग्णालयांपासून आरोग्य केंद्रांपर्यंतची केंद्रे त्याला जोडलेली. ईसीजी केंद्रातच काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाने काही मिनिटांत वाचायचा, गरज असेल तर इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचे आणि मग रुग्ण बांबोळीला पाठवायचा.

या साखळीत नर्सचे काम नुसते सुई टोचण्याचे नाही. ईसीजीच्या पट्ट्या चुकीच्या जागी लागल्या तर तज्ज्ञ वाचणार तरी काय? इंजेक्शनआधी अलीकडे शस्त्रक्रिया झाली होती का, पक्षाघात होऊन गेला आहे का, हे विचारून घ्यावे लागते. गुठळी सुटताना हृदयाचा ताल बिघडू शकतो, तेव्हा मॉनिटरसमोर तीच असते. त्यात गोव्याची स्वतःची भर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक निघाले ते गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेह्याला हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही. नुसता घाम, धाप, मळमळ. घरी तो ‘गॅस’ ठरतो, सोडा पाजला जातो आणि दोन तास जातात. दारावरच्या नर्सला हे ठाऊक असेल तर ती अशा माणसाला रांगेत बसवत नाही.

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदय थांबणे या दोन गोष्टी वेगळ्या, आणि प्रशिक्षणही त्यानुसार दोन पातळ्यांवर चालते. मूलभूत भागात प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबणे, ३० दाबांमागे २ श्वास आणि एईडी (ताल स्वतः ओळखून झटका द्यायला सांगणारे छोटे यंत्र) वापरणे. आधी श्वासमार्ग मोकळा करा, असे पूर्वी शिकवत. २०१० मध्ये क्रम उलटला आणि छाती दाबणे पहिले आले. जुन्या सिस्टरना ही सवय मोडायला वेळ लागला, यात नवल नाही. प्रगत भागात मॉनिटरवरचा कोणता ताल विजेच्या झटक्याने सुधारतो आणि कोणता नाही, अ‍ॅड्रेनालिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, आणि चमूत कोणी काय करायचे हे येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने या पद्धतीला १९७० च्या दशकात पक्के रूप दिले. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात हे दोन्ही भाग आता आले आहेत. त्याआधी अनेक जणी या प्रशिक्षणाचे कार्ड (प्रमाणपत्र) स्वतःच्या पैशाने घेत. आखातातल्या नोकरीसाठी ते लागे, इथल्या वॉर्डासाठी फारसे कोणी विचारत नसे. म्हणजे शिकलेले हात इथे कमी आणि विमानात जास्त.

कार्ड दोन वर्षे चालते. कौशल्य तेवढे टिकत नाही. सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांत दाबांची खोली आणि वेग घसरू लागतात, असे अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात. म्हणून वर्षाकाठी एक मोठी कार्यशाळा, उद्घाटन, समई आणि ग्रुप फोटो यापेक्षा वॉर्डात दर महिन्याला बाहुलीवर दहा मिनिटे घाम गाळणे जास्त उपयोगी. त्याची बातमी मात्र होत नाही.

रात्रपाळीचा प्रश्न तर प्रशिक्षणाच्या कागदावर क्वचितच दिसतो. छाती दाबणारा माणूस दोन मिनिटांत थकतो, म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदला, असे नियमच सांगतो. केंद्रात डॉक्टर एक, नर्स एक. डॉक्टर श्वासमार्ग आणि औषधे पाहणार, तर नर्सच्या जागी तिसरे हात कोणाचे? भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत आखली, ती इथे कामी येते. वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक आणि रुग्णवाहिकेचा चालक यांना नर्सच्या वर्गात बसवायला वेगळा निधी लागत नाही. लागते ती हजेरीपटावर त्यांची नावे घालण्याची तयारी.