आध्यात्मिक विवेक आणि पुनरुत्थानाची आशा : कोकणातील ख्रिस्ती जीवन

मनात उठणाऱ्या ऊर्मींपैकी कोणती देवाकडून आली आणि कोणती भीतीतून, हावेतून किंवा नुसत्या सवयीतून, हे प्रार्थनेत निवडून पाहणे म्हणजे आध्यात्मिक विवेक. प्रत्येक आत्म्यावर भरवसा न ठेवता त्याची पारख करावी, असे योहानाचे पहिले पत्र (४:१) सांगते. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा, क्रूसावर मेल्यानंतर पुन्हा जिवंत उठण्याचा सण, या साधनेच्या मुळाशी आहे. जिथे सगळे संपले असे वाटते तिथे जीव उरला आहे का, हे ओळखण्याचाच तिथे प्रश्न असतो.

कोकणात वसई, उत्तन, कोर्लईपासून खाली वेंगुर्ले-सावंतवाडीपर्यंत ख्रिस्ती वस्त्या आहेत. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेतली; राज्य गेले, पण गावोगावची ख्रिस्ती श्रद्धा टिकली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) १९९८ मध्ये झाला, सिंधुदुर्गचा २००५ मध्ये.

पुनरुत्थानाच्या कथांमधली एक गोष्ट या किनाऱ्यावर विशेष जवळची वाटते. उठलेला येशू पहिल्यांदा ओळखूच येत नाही. त्याची शिष्या मरिया माग्दालिया हिला तो माळी वाटतो (योहान २०). अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याबरोबर चालतात, बोलतात, तरी त्यांना तो कळत नाही (लूक २४). रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिष्यांना किनाऱ्यावर कोणी परका उभा दिसतो. त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाकल्यावर १५३ मोठे मासे लागतात, आणि काठावर निखाऱ्यांवर मासळी व सोबत भाकर तयार असते (योहान २१). वाडीला पाणी देणाऱ्या वसईतल्या सामवेदी किंवा वाडवळ समाजाच्या माणसाला आणि तिथल्याच पाचूबंदरच्या कोळ्याला या प्रसंगांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मरियेला ओळख पटते ती नावाने मारलेल्या हाकेने, अम्माऊसला मोडलेल्या भाकरीने, होडीत भरलेल्या जाळ्याने. खूण रोजच्या कामातलीच असते. विवेकाचे सारे शिक्षण या तीन प्रसंगांत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नाती लोयोला (१४९१–१५५६) यांनी या पारखीला शिस्त दिली. मनाच्या दोन अवस्थांना त्यांनी सांत्वन आणि विषण्णता म्हटले. सांत्वन म्हणजे खुशी नव्हे. दफनभूमीत आईच्या थडग्यापाशी रडणारा माणूसही सांत्वनात असू शकतो, जर त्या रडण्याने त्याचा विश्वास आणि प्रेम वाढत असेल. विषण्णतेत असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यांचा नियम अतिशय व्यवहारी आहे. त्यांच्या आध्यात्मिक साधनेचे चार आठवडे आहेत. शेवटचा पुनरुत्थानाच्या चिंतनाचा. रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवून कुठे मन मोकळे झाले, कुठे आक्रसले हे पाहणे, ही त्यातली घरी करता येण्याजोगी सवय.

वडिलोपार्जित वाडी बिल्डरला द्यायची का, नव्या बोटीसाठी कर्ज काढायचे का, मुलाने आखातात नोकरीला जावे का, असे प्रश्न इथल्या घरांत उभे राहतात. त्यांची उत्तरे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात नसतात. ईस्टरची आशा मेल्यानंतरच्या स्वर्गापुरती ठेवली, तर विहिरीचे पाणी खारे होण्याचे दुःख श्रद्धेबाहेरचे ठरते. वसईची हिरवळ वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ चळवळ उभी केली, ती हे दुःख श्रद्धेचेच मानून. ते पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. त्यावर पास्काची, म्हणजे उठलेल्या येशूची खूण असलेली मोठी मेणबत्ती लावून ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात, आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटते. मग सारे उभे राहून बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी करतात : सैतानाचा त्याग करता का? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि या प्रश्नाला वसईकर मराठीत उत्तर देऊ लागले.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो आणि त्याचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो. हे आंब्याचे, उकाड्याचे दिवस. ते सरता सरता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारी बंदी लागते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि फाटलेली जाळी दुरुस्तीला निघतात.